एकशेदहा अ, सुधारित

ज्याच्याविरुद्ध मोर्चा काढावा आणि मोर्चा दारात पोचल्यावर त्याच्याच ओट्यावर बसून चहा प्यावा, असा या जगात एकच माणूस आहे आणि तो आमचा घरमालक आहे. मी त्यांना काका म्हणते. तुंगार्लीत, तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या स्विमिंग पूलवाल्या बंगल्यांनी चेपून टाकलेलं त्यांचं जुनं घर आहे. वरच्या खोलीत मी राहते, खाली काका राहतात आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे कॉम्प्युटर राहतात. तिघांत सर्वांत चांगली सोय कॉम्प्युटरांची आहे. लोणावळ्याच्या पावसात माझ्या भिंतींवर हिरवी बुरशी चढते, चादर रात्रंदिवस ओली लागते, पण शेडमध्ये दिवसभर पिवळे बल्ब पेटलेले असतात, कपाटांत कापूर आणि कडुनिंबाचा पाला असतो. मी एकदा चिडून म्हटलं, ‘‘काका, मला पण एखादा बल्ब द्या.’’ काका गंभीरपणे म्हणाले, ‘‘तू गंजत नाहीस.’’

हे सगळे कॉम्प्युटर एकाच कंपनीचे. आमच्या मावळात तिचा कारखाना होता. तिचं नाव मी घेणार नाही. तिने गेटला कुलूप लावलं तेव्हा आमच्यापैकी कुणाचं नाव घेतलं होतं? माझे वडील तिथे पॅकिंगला होते. कारखाना बंद झाला तेव्हा गेटवर उभं राहून ते पत्रकं वाटायचे, आणि वाटून उरलेल्या गठ्ठ्यांवर मी वाढले. आमच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली असायची, भाकरीच्या टोपलीत पत्रक, माझ्या पाटीपुस्तकांना कव्हर पत्रकाचं. ‘कामगार’ हा शब्द मी ‘कमळ’च्या आधी वाचायला शिकले. आणि काका? काका त्याच कारखान्यात टेस्टिंगचे साहेब होते. गेटच्या बाहेर माणसं उभी असताना हे गृहस्थ आत बसून शेवटची यंत्रं तपासत होते. मी खोली घेतली तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा मी बॅग भरली आणि भांडायला खाली उतरले. काकांनी ऐकून घेतलं, म्हणाले, ‘‘पॅकिंगला कोण, तो उंच? त्याची पेटी कधी डगडगली नाही,’’ आणि मला एक स्क्रू धरायला दिला. बॅग अजून अर्धी भरलेलीच आहे.

तर काका या कंपनीने काढलेल्या प्रत्येक मॉडेलची सूची करतात. रद्दीवाले, बंद पडलेल्या पतपेढ्या, शाळांच्या अडगळी, सगळीकडून त्यांनी यंत्रं गोळा केली आहेत. आपल्याला वाटतं, एका कंपनीची मॉडेलं असून असून किती असतील? या कंपनीने एकच डबा वेगवेगळ्या नावांनी इतक्या वेळा विकला की बारशाला ब्राह्मण कमी पडावेत. एकशेदहा आलं, मग एकशेदहा अ, मग एकशेदहा अ सुधारित. सुधारणा काय, तर पुढची पट्टी करड्याची पांढरी झाली आणि मागचं झाकण चार स्क्रूंऐवजी दोनांवर बसायला लागलं. मी म्हटलं, ‘‘ही शुद्ध लबाडी आहे.’’ काका म्हणाले, ‘‘आहे ना. लबाडी झाली म्हणून नोंद करायची नाही की काय?’’ आणि त्यांनी दोन स्क्रूंच्या झाकणाला स्वतंत्र पान दिलं.

त्या नोंदवहीला रकाने आहेत: मॉडेल, बाह्य स्वरूप, अंतर्भाग, मजकूर, ठिकाण, शेरा. यातला मजकुराचा रकाना म्हणजे काकांच्या हट्टाचं मंदिर. यंत्रावर, त्याच्या झाकणावर, आच्छादनावर जे काही लिहिलेलं सापडेल ते अक्षरशः उतरवायचं, एक अनुस्वारही सुधारायचा नाही. पतपेढीच्या यंत्रावर ‘चप्पल काडून बसावे’ असं चिकटवलेलं होतं. काकांनी ‘काडून’ तसंच ठेवलं. एका शाळेच्या यंत्राला ‘हात लावल्यास पालकांना बोलवू’ होतं, आणि त्याखाली कुणी मुलाने पेनने ‘बोलवा’ असं लिहिलेलं, तेही आहे. एका कीबोर्डच्या पोटावर ‘सुरेखा’ कोरलेलं आहे. काकांची नोंद: ‘सुरेखा. कोरीव, बहुधा टाचणीने.’ ही सुरेखा कोण, ती रडत कोरत होती की हसत, याची काकांना चौकशी नाही. मी संतापून म्हणायची, ‘‘अहो, या डब्यांत माणसांचे हात गेलेत. कारखाना कसा बंद झाला, एक वाक्य तरी लिहा. माणसं महिनोन्‌महिने गेटवर होती, एवढंच लिहा.’’

‘‘हे यंत्रांचं सूचीपत्र आहे, तुझं पत्रक नाही.’’

‘‘मग यंत्रं काय झाडाला लागली?’’

‘‘तसं असतं तर झाडाची नोंद केली असती.’’

या वादावर आमचे किती चहा झाले असतील! मी दार आपटून जिना चढायची आणि खालून आवाज यायचा, ‘‘हळू. बिजागरी सैल आहे.’’

मग त्यांचा पुतण्या आला. घरात त्याचा अर्धा हिस्सा. गळ्यात गॉगल, हातात दोन मोबाइल, तोंडात सतत ‘प्रॉपर्टी’. शनिवार-रविवारी एक्सप्रेसवेवरून उतरून आमच्या गल्ल्या गाड्यांनी तुंबवणारी, तळ्यात बाटल्या फेकणारी, आणि मुक्कामाचे मागाल तेवढे पैसे देणारी जी जमात आहे, तिच्यासाठी त्याला शेड पाडून खोल्या बांधायच्या होत्या. कागदावर तो बरोबर होता, आणि कागदावर बरोबर असलेल्या माणसांचा मला लहानपणापासून राग आहे.

‘‘काका, तुमचे डबे फेकायचे नाहीत हो,’’ तो लाडीगोडीने म्हणाला. ‘‘पब्लिकला विंटेज जाम आवडतं. आतलं सगळं काढून टाकू, मॉनिटरमध्ये पाणी भरू, मासे सोडू. रूमरूममध्ये एकेक.’’

माझ्या हातातला कप खाली पडायचा बाकी होता. मी वाट पाहत होते की आता हा माणूस उसळेल, निदान एक शिवी देईल. काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ‘‘कुठल्या मॉडेलमध्ये?’’

पुतण्या गेल्यावर मात्र ते शेडच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. बल्ब पेटलेले होते. ‘‘पडदा फोडल्याशिवाय मासा जाणार नाही,’’ ते म्हणाले, ‘‘आणि फोडला की मग नोंद कशाची करायची?’’ तेवढंच. त्या दिवशी मला त्यांच्या शांतपणाची चीड आली, पुतण्याच्या माशांपेक्षा जास्त.

मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं. ‘आपल्या हातची यंत्रे मत्स्यालय होणार काय?’ असा मथळा, खाली कारखान्याच्या जुन्या माणसांना रविवारी शेडवर यायचं आवाहन. काकांनी ते तपासायला घेतलं आणि ‘शेकडो यंत्रे’वर काट मारली. ‘‘शेकडो नाहीत.’’ पत्रकात शेकडो लिहायची पद्धत असते, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

रविवारी माणसं आली. पिकलेल्या मिशा, गुडघ्याला पट्टे, पण आली. वडिवळ्याहून एक मावशी भावाचा टेम्पो घेऊनच आल्या. त्या कीबोर्डच्या लाइनीला होत्या. शेडमध्ये शिरल्या, एका यंत्रावर थाप मारली आणि काकांकडे वळल्या.

‘‘काय साहेब, वळखलं का? मुतायला जायचं तरी चिठ्ठी मागायचा तुमी.’’

‘‘चिठ्ठीचा नियम होता,’’ काका म्हणाले.

‘‘व्हय, आन् चिठ्ठी सही व्हईस्तवर जीव जायचा!’’ सगळी शेड हसली. काकाही हसले, जरा उशिरा.

मी भाषण करायला उभी राहिले. म्युझियम झालं पाहिजे, मागणी केली पाहिजे, उपोषण करू, वगैरे. मावशींनी मला हात धरून खाली बसवलं. ‘‘बाय, तुझं उपोशन व्हईपत्तुर मासं पिल्लं घालतील. साहेब, बी कुनी एका कणगीत ठेवतं व्हय? आमी भाताचं बी घरंघर ठेवतो. एका कणगीला उंदीर लागला तर दुसऱ्याघरी ऱ्हातं. वाटा ह्ये डबं. तुमाला लागंल तवा ज्यो त्यो परत आनील.’’

काकांच्या चेहऱ्यावर अशी कळ उमटली की जणू त्यांच्या मुलांचीच वाटणी चालली होती. पण दुसरा मार्ग नव्हता. प्रत्येकाला यंत्र देताना ते ठिकाण विचारत आणि सूचना देत: उन्हात नको, चुलीजवळ नको, वर कुंडी ठेवायची नाही. संध्याकाळपर्यंत शेड रिकामी झाली. पुतण्याला माशांविना खोल्या बांधाव्या लागल्या.

तेव्हापासून काका स्कूटरवर फिरतात. डिकीत ब्रश, स्पिरिट, कापूर आणि नोंदवही. ठिकाणाच्या रकान्यात आता अशा नोंदी आहेत: ‘वडिवळे, भाताच्या कणगीशेजारी. उंदीर नाहीत, मांजर आहे.’ ‘लोहगडवाडी, सरबताच्या टपरीमागे. मालक गिर्‍हाइकांना फोटो काढू देतो, ताकीद दिली.’ मी म्हटलं, ‘‘बघा, झाली ना माणसांची यादी?’’ काका म्हणाले, ‘‘ठिकाण लिहावंच लागतं.’’

एकशेदहा अ सुधारित आमच्या कामशेतच्या घरी गेलं. कारखान्याचं ते शेवटचं मॉडेल. वडिलांनीच मागून घेतलं. कुलूप लागलं त्या आठवड्यात ते तेच बांधत होते. काका तपासणीला आले तेव्हा मी घरीच होते. हे दोघे गेटच्या दोन बाजूंना होते, त्यानंतर समोरासमोर बसले नव्हते. रविवारीसुद्धा वडिलांनी यंत्र मागितलं, ठिकाण सांगितलं आणि ते उचलून थेट निघाले होते. आता वडील म्हणाले, ‘‘बसा,’’ आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. यंत्र गुंडाळलेलं होतं. आमच्या घरात गुंडाळायला जे असतं त्यानेच: जुनी पत्रकं, कडा दुमडून, खळीने चिकटवून, एकही सुरकुती नाही.

‘‘सर्द हवा,’’ वडील म्हणाले. ‘‘म्हनून.’’

काकांनी सवयीने वही उघडली, मजकुराच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि थांबले. वरचं पत्रक त्यांच्यासमोर सरळ होतं. मला ते पाठ आहे. त्यात गेटवर थांबलेल्या माणसांची नावं आहेत, एकेक करून, आणि शेवटी लिहिलंय, ‘टेस्टींगचे साहेब हे मालकाच्या दारातले कुत्रे असून त्यांना इतिहास क्षमा करनार नाही.’

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाईल, आणि मला ते हवंही होतं. पण वडीलच पुढे झाले. ‘‘शेवटची वळ राहू द्या, साहेब. तवा डोकं गरम व्हतं.’’

‘‘आच्छादनावरचा मजकूर अक्षरशः,’’ काका म्हणाले, आणि लिहायला लागले. एकेक नाव. एका माणसाच्या नावाशी त्यांनी वडिलांना विचारलं, ‘‘हा आहे का अजून?’’ वडिलांनी नकारार्थी मान हलवली. काकांनी ते नावही लिहिलं आणि पुढच्या नावावर गेले. शेवटची ओळ आली. ‘टेस्टींग’ची चुकीची वेलांटी तशीच ठेवली, ‘करनार’ तसंच ठेवलं, ‘कुत्रे’ नीट, गोल अक्षरात लिहिलं.

मग शेऱ्याचा रकाना उरला. तिथे ते एरवी बेधडक लिहितात: पंखा बंद, कळ तुटलेली, मांजर आहे. पेन तिथे टेकवून ते बसून राहिले. वडिलांनी चहा पुढे सरकवला. काका म्हणाले, ‘‘पुढच्या खेपेला लिहितो.’’

माझा राग गेलेला नाही. कंपनीवरचा तर मरेपर्यंत जाणार नाही, आणि माझ्या भिंतीला बल्ब अजून मिळालेला नाही. पण दर खेपेला काका कामशेतला जातात, झाकणाचे दोन स्क्रू पाहतात, पत्रकाची सुटलेली कड खळीने बसवतात, वडिलांबरोबर चहा घेतात. वही उघडतात, मिटतात. तो रकाना अजून कोरा आहे. दोघंही आता म्हातारे झालेत, आणि मला अलीकडे वाटायला लागलंय की काकांनी तो घाईने भरू नये.