कापूस, पीस आणि टाचणी

आमच्या बॅचचे लोक कुणाच्या लग्नात भेटले की आधी एकमेकांचा हात हातात घेतात, आणि दुसऱ्या हाताची बोटं आपोआप समोरच्याच्या कोपराकडं जातात. तिथली नस चाचपून बघायची सवय. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी सवय काही गेली नाही. नस ठीक आहे म्हटल्यावर मग किस्से सुरू. अक्षता पडतात, पंगत उठते, आमचं आपलं चालूच. परवा सूनबाईनं विचारलं, की आई, दरवेळी एवढं काय बोलता हो तुम्ही लोक? म्हटलं, बस मग जरा.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कुष्ठरोग शोधायला गावोगाव फिरणारी माणसं सरकारला हवी होती, त्यासाठी आमचं ट्रेनिंग लागलं. ऑफिसच्या पाटीवर उस्मानाबाद खोडून लातूर रंगवलेलं, पण खालचं उस्मानाबाद दिसतच होतं. आमचे शिक्षक होते पठाणसर, नांदेडचे. ते म्हणायचे, की हा रोग कातडीची जाण घालवतो, तर आधी जाण म्हणजे काय ते शिका. पुस्तकात ‘संवेदनाग्राही’ असा जड शब्द होता. सर त्याऐवजी ‘खबरी’ म्हणायचे. कातडीखाली लाखो खबरी बसलेत, कुणी गरमाची खबर देतो, कुणी गाराची, कुणी नुसत्या स्पर्शाची, आणि प्रत्येकाची खबर नसांतून मेंदूकडं जाते.

पहिल्याच दिवशी सरांनी टेबलावर तीन पातेली मांडली. एकात गरम पाणी, एकात गार, मधल्यात कोमट. दुष्काळाचं वर्ष, पाणी टँकरचं, त्यामुळं त्या पातेल्यांकडं आम्ही प्रयोगापेक्षा तहानेनंच जास्त बघत होतो. उदगीरकडचा बिराजदार पुढं झाला. सरांनी त्याचा एक हात गरम पाण्यात ठेवायला लावला, दुसरा गार पाण्यात, आणि थोड्या वेळानं दोन्ही हात मधल्या कोमट पाण्यात.

बिराजदारचं तोंड बघण्यासारखं झालं. एक हात म्हणतोय पाणी गार आहे, दुसरा म्हणतोय गरम आहे. सरांनी समजावलं, की कातडी पाणी किती गरम ते मोजत नाही, आधीपेक्षा काय बदललं तेवढंच सांगते.

ऑफिसातले निम्मे कारकून उस्मानाबादेहून बदलून आलेले, ते तोंड पाडून बसायचे. लातूरचे खुशीत. बिराजदारनं हात पाण्यात तसेच ठेवून त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाला, “सर, हे तर आपल्या ऑफिसासारखं झालं. पाणी एकच हाय. लातूरवाल्याला गरम लागायलंय, उस्मानाबादवाल्याला गार.”

सर पुढं कितीतरी बॅचना हा प्रयोग शिकवताना हेच उदाहरण द्यायचे.

*

अहमदपूरचा फड पैलवान गडी. दारातून आत येताना उजेड अडायचा. पण टाचणीला घाबरायचा.

दुखण्याची जाण तपासायला टाचणी हलकेच टेकवायची असते, टोचायची नसते. सरांनी फडला डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, टाचणी लागली की ‘हाव’, म्हणजे हो, म्हणायचं. फडनं डोळे गच्च मिटले, दंड पुढं केला, दात आवळले. तेवढ्यात फड केवढ्यांदा ओरडला, “हाव, हाव, लागली.”

सर टेबलाच्या खणात अजून टाचणी शोधत होते.

*

स्पर्शाचे काही खबरी लवकर गप्प बसतात, हे सर सांगत होते. नवीन चप्पल घातली की पहिले काही क्षण जाणवते, मग विसरायला होतं. कारण खबर नवी उरत नाही. त्यांनी मला विचारलं, “कांबळेबाई, हातातल्या बांगड्या सकाळपासून किती वेळा जाणवल्या?” मी हाताकडं बघितलं. खरंच, एकदाही नाही.

बिराजदारचं नवीन लग्न झालेलं. त्यानं काळजीनं विचारलं, की घरच्या माणसांचं बी असंच होतं का? वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत बसले, तास तिथंच संपवला.

त्या शनिवारी ते नेहमीप्रमाणं एसटीनं नांदेडला घरी गेले. सोमवारी आले ते गालात हसत. आम्ही फार मागं लागलो तेव्हा सांगितलं. रविवारी जेवताना ते बायकोला म्हणाले होते, की आज दाल बहोत अच्छी झालीय. लग्नाला कितीतरी वर्षं झालेली. त्या हात पुसून उठल्या आणि सरांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

*

बिराजदार वर्गात कधी गप्प बसला नाही, म्हणून तो आठवडाभर गप्प राहिला तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. फडनं त्याला कडुनिंबाखाली गाठून विचारलं. त्यानं सदऱ्याची बाही वर केली. दंडावर फिकट चट्टा.

हा रोग शिकणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी वाटतं, की आपल्यालाच झाला. मलाही वाटून गेलं होतं. पण त्याचा चट्टा खरा होता, दिसत होता. तो म्हणाला, बायकोला अजून दाखवला न्हाई, रात्रीचा बी सदरा काढत न्हाई.

आम्ही त्याला धरून सरांकडं नेलं. सरांनी काही विचारलं नाही. दार लोटून घेतलं, कोंबडीचं पीस घेतलं आणि म्हणाले, डोळे मिट, जिथं लागेल तिथं बोट ठेव. पीस चट्ट्याच्या मध्ये टेकलं. बिराजदारचं बोट नेमकं तिथंच आलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा नेमकं. कडेला, मध्ये, वर, खाली, एकदाही चुकलं नाही. मग सरांनी दोन नळ्यांत गरम आणि गार पाणी घेऊन तेही बघितलं. तेही बरोबर. कोपराची नस दाबून बघितली; रोग असला की ती जाड लागते, याची मऊ होती. साधं शिबं निघालं, घामानं उठतं तसलं.

तपासणी संपली होती. पण बिराजदारचे डोळे मिटलेलेच होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सरांनी ते बघितलं. आवाज न करता खाली बसले आणि तेच पीस त्याच्या तळपायावरून फिरवलं. बिराजदार खुर्चीसकट मागं उलटला, हसत हसत.

“सब खबरी हाजिर,” सर म्हणाले. “जा घरी. सदरा काढून झोप.”

*

फडला नोकरी मिळाली ती अहमदपूरलाच. तिथं त्याच्याकडं हैबतीबुवा नावाचे एक पेशंट होते, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहून म्हातारे झालेले. उशिरा सापडले. रोग गोळ्यांनी थांबला, पण तळपायाची गेलेली जाण परत आली नाही. चपलेतून खिळा वर आला तरी दिवसभर चालायचे, रक्त दिसल्यावर कळायचं.

अशा माणसाला शिकवावं लागतं, की जिथं कातडी सांगत नाही तिथं डोळ्यांनी बघायचं. रोज संध्याकाळी तळपाय वळवून तपासायचा. पण बुवांचे गुडघे वाकेनात. फडनं त्यांच्या बायकोला बोलावलं. ती लांब दारात उभी राहिली. रोग कळल्यापासून तिनं त्यांचं अंथरूण, ताट, सगळं वेगळं केलेलं होतं. फडनं तिच्यासमोर बुवांचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले, धुतले, पुसले, कुठं काय बघायचं ते बोट ठेवून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि निघून गेली. फडला वाटलं, गेलं हे पाण्यात.

पुढच्या खेपेला बुवांचे पाय स्वच्छ, भेगांना तेल लावलेलं. फडनं विचारलं, कसं चाललंय? बुवा म्हणाले, की म्हातारी रोज दिवेलागणीला चिमणी घेऊन बसते, पाय बघते, परवा काटा काढला.

“दुखलं का?” फडनं सवयीनं विचारलं.

“मला कशाचं दुखतंय,” बुवा म्हणाले. “तीच ‘आई गं’ म्हणाली.”

*

माझी पहिली नेमणूक धर्माबादची. मिरचीचा मोठा बाजार. हंगामात बायका ओळीनं बसून मिरच्यांचे देठ खुडतात. तिखट हे चवीचं नव्हे, ते दुखण्याच्या आणि गरमाच्या खबऱ्यांना फसवतं, म्हणून भाजल्यासारखं होतं, हे आम्ही शिकलो होतो. तिथं ते रोज बघायला मिळायचं. घरी जाताना बायका हात अंगापासून लांब धरून चालायच्या, तान्ह्या लेकरालाही उचलायच्या नाहीत.

त्यांच्यात गंगामणी नावाची एक होती, तेलुगू घरातली. तिचे हात म्हणे जळतच नाहीत. बाकीच्या बायका तिचा हेवा करायच्या. मुकादम सगळ्यात जहाल मिरची तिच्यापुढं टाकायचा. तिलाही त्याचा अभिमान होता. देवीची कृपा आहे, असं तिनं मला हसत सांगितलं आणि माझ्यासमोर मिरची चुरडून दाखवली.

मी पण हसले. पण हात धुवायच्या निमित्तानं तिला बाजूला नेलं आणि कोपराची नस चाचपली. दोरीसारखी जाड लागली. गरम आणि गार नळी बोटांना लावली तर तिला दोन्ही सारख्याच. बायकांमध्ये रोगाचं नाव घेतलं असतं तर तिचं काम गेलं असतं, कदाचित घरही. मी एवढंच म्हणाले, की नसा सुजल्यात, नांदेडला डॉक्टरांना दाखवू. मुकादमालाही तेवढंच सांगितलं. तिला औषधं सुरू झाली, आणि सूज उतरेपर्यंत मिरचीचं काम बंद. हातांची कृपा काढून घेतली म्हणून ती माझ्यावर रागावलेली होती. गोळ्या घ्यायची, पण माझ्याशी बोलायची नाही.

जाण सगळ्यांचीच परत येते असं नाही. मी तिला तसं वचनही दिलं नव्हतं.

पुढच्या हंगामात एका दुपारी ती दवाखान्यात आली. तिची गोळ्यांची तारीख नव्हती. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, बोटं लाल. घरच्यापुरत्या मिरच्या खुडत होती म्हणाली. “मंट बाई, लई मंट.” मंट म्हणजे तेलुगूत जळजळ. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडभर हसू.

मी तेलाची बाटली घ्यायला उठले. तिनं मान हलवली.

“ऱ्हाऊ द्या बाई. जराशी जळू द्या.”

*

हा शेवटचा किस्सा त्याच्या आधीचा, ट्रेनिंग संपत आलं होतं तेव्हाचा. पण मी तो नेहमी शेवटीच सांगते.

बिराजदार आणि मी उदगीरकडच्या एका गावी घरोघर तपासणीला गेलो होतो. विहिरींचे तळ दिसत होते. एका मोठ्या घरात पुरुषमंडळींनी बिराजदारला ओसरीवर बसवून घेतलं आणि आमच्याकडं असलं कुणी नाही म्हणून सांगितलं. मी मागच्या बाजूनं बायकांकडं गेले. तिथं गोठा होता. जनावरं चारा छावणीला गेलेली, गोठा रिकामा, आणि त्याच्या कोपऱ्यात एक म्हातारी बसलेली. घरमालकाची आई. ताट लांबून सरकवायला बाजूला काठी ठेवलेली.

गरम पाणी माझ्या थर्मासात होतं, सुनेकडं गार नळीपुरतं पाणी मागितलं. तिनं आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग तिनं तांब्या आणला आणि हात उंच करून, माझ्या नळीला तांब्या लागणार नाही असं, वरून पाणी सोडलं. अर्धं खाली सांडलं. त्या वर्षी तसं पाणी सांडलेलं मी दुसरीकडं कुठं बघितलं नाही. म्हातारी ते बघत होती.

सून आत गेली. मी म्हातारीपुढं बसले, म्हटलं, आजी, डोळे मिटा, मी कापूस टेकवीन, जिथं लागेल तिथं बोट ठेवा. पायाला टेकवला, बोट हललं नाही. पोटऱ्यांना, हातांना, मनगटांना, काहीच नाही. नळ्या लावल्या, दोन्ही सारख्याच. दोन्ही कोपरांच्या नसा जाड. कानाच्या पाळ्या जाड झालेल्या. मी शेवटी कापूस कपाळाला टेकवला. म्हातारीचा वाकडा झालेला हात हळूहळू वर आला आणि बोट बरोबर त्या जागी टेकलं. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा लावला. गालाला लावला, हनुवटीला लावला. दरवेळी बोट जागेवर.

मग ती डोळे मिटूनच म्हणाली, “सुनेला काय सांगितलंस, आडनाव काय तुझं?”

“कांबळे,” मी म्हणाले.

मी नळ्या रिकाम्या करून पिशवीत ठेवायला लागले.

“कापूस ठेव बाजूला,” ती म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते. “हातानं बघ.”