संयोगिता रडली न्हाई

माझा भाऊ नाथाजी गेला तवा त्याची लेक संयोगिता जर्मनीतनं आली, आन् गल्लीच्या तोंडापास्नं घरापतूर एक हेल काढला न्हाई. आमच्या साताऱ्याकडं लांबनं आलेली लेक कोपऱ्यावरच 'बाबा वोऽ' करून हंबरडा फोडती. ही गाडीतनं उतरली, गळ्याला मफलर, तोंड मिटलेलं, तशीच आत. मी अंबूबाई, तिची आत्या, आदल्या दिवशीच सांगलीकडल्या कुपवाडनं येऊन रडून घसा बसलेली. मला तवाच वाटलं, हितं कायतरी पाणी मुरतंय.

तिचा भाऊ वीरधवल म्हणला, "आत्या, तिच्या गळ्यातल्या तारांचं आपरेशन झालंय. आवाज काढायचा न्हाई, रडायचं सुदा न्हाई. तारा फाटल्या तर गाणं कायमचं गेलं."

"आसलं कुठं आपरेशन आसतंय व्हय रं?" मी म्हणलं. बाप मेल्यावर बरं निघालं मेलं आपरेशन!

नाथाजी सैन्याच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. छावणीत वाढलेली ही पोर त्याच्या बाजाबरोबर सूर लावायची. बाजा चढंल तिथवर ही जायची, आन् मग त्याच्याबी वर. तिथल्या चर्चमधल्या बाईनं सांगितलं, हा सोप्रानोचा गळा हाय, म्हंजे बाईमाणसाचा सगळ्यात उंच आवाज. मग मुंबई, मग जर्मनी, मग ऑपेरा. ऑपेरा म्हंजे तिकडलं संगीत नाटक, पण भांडण सुदा गाऊन, आन् माईक न्हाई. सांगलीत मी काय कमी नाटकं बघितली न्हाईत, म्हणून तर मला लय शंका. माईकबिगर एवढ्या माणसांस्नी ऐकू जातंय? मोबाईलवर बघावं तवा ही घोळदार झग्यात मरायला टेकलेली. कवा क्षयानं, कवा सुरीचा घाव खाऊन, आन् मरता मरता गातच सुटलेली.

"दादा, पोरगी तिकडं नक्की काय करती, बघून ये एकदा," मी नाथाजीला म्हणायची. तो हसायचा. पासपोर्ट काढला हुता बिचाऱ्यानं. तिच्या पुढल्या नाटकाला हा पहिल्या रांगेत बसून ऐकणार. त्याआधीच छातीत कळ आली.

मी तिच्यावर पाळतच ठेवली. गरम पाणी प्यायची, काय पायजे ते मोबाईलवर लिहून दावायची. भेटायला आलेल्या बाया कुजबुजायच्या, "नाटकात मरताना गळा फुटतोय, बापासाठी न्हाई!" मी बी मान डोलवायची.

एका दुपारी सगळी आडवी झाली तवा माडीवर खुडबूड ऐकली. म्हणलं, आता घावली, फोनवर बोलत आसणार. दबकत चढले. संयोगिता बापाचा बाजा मांडीवर घेऊन बसलेली. ओढणीचा बोळा दातात कोंबलेला, डोळ्यातनं धार, अंग गदागदा हालतंय, आन् आवाज न्हाईच. मी तशीच मागं फिरले. तरी मनातला किडा मेला न्हाई. नाटकवालीच ती, माझी चाहूल लागली आसंल.

दहाव्याला माहुलीच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे फांदीवर, खाली एक यीना. वीरधवलनं आईला सांभाळायचा शब्द दिला, तरी न्हाई. मग भावकीतला थोरला लालासाहेब म्हणला, "नाथाजीचा जीव लेकीच्या गाण्यात आडकलाय. ऐकायचं ऱ्हायलं त्याचं. एक ओळ म्हण पोरी, म्हंजे कावळा शिवंल."

"तात्या, नगं, तिचा गळा जाईल," वीरधवल म्हणला. कुणी ऐकंना.

मी टक लावून बघत हुते. आता कळंल खरं काय ते.

तिनं मफलर सोडला. पिंडाकडं बघितलं, छाती भरून श्वास घेतला आन् तोंड उघडलं. आगं बया, ही खरंच बापासाठी गळा घालवायला निघाली!

मी धावले आन् तिच्या तोंडावर हात दाबला. "गप! बाप गेला, आता गळा बी घालवतीस? त्यानंच घडवलाय त्यो!"

"आन् कावळा?" लालासाहेब म्हणला.

"दर्भाचा करा आन् शिववा! माझा भाऊ रुसायचा न्हाई."

तिचा श्वास माझ्या तळव्याला गरम लागत हुता. तिला तशीच धरून मी पिंडाकडं तोंड केलं आन् गल्लीच्या तोंडाशी तिचा ऱ्हायलेला हेल काढला. भाऊ हुता माझा, पण मी 'दादा' म्हणलं न्हाई.

"बाबा वोऽ, तुमची संयोगिता आली वोऽ!"