इथे श्रीकृष्ण राहत नाही

नास्तिकनानांनी देव सोडला, पण देवावरचा राग काही सोडला नाही. प्रतापनगरच्या आमच्या सोसायटीत देवाशी रोज बोलणारे, म्हणजे भांडणारे, ते एकटेच. आम्ही बाकीचे आस्तिक. आम्हाला त्याची आठवण सणावारी आणि मुलांच्या निकालाच्या दिवशी.

बडोद्यात फोन उचलला की ‘हॅलो’च्या जागी ‘जय श्रीकृष्ण’ येतं. दूधवाला, गॅसवाला, राँग नंबर, सगळ्यांचं तेच. नाना गरजायचे, “इथे श्रीकृष्ण राहत नाही.” एकदा कुरियरवाल्याने ते खरंच मानलं आणि पार्सल परत नेलं. आत नानांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या. पुढचा आठवडा सोसायटीने कसा काढला, ते आमचं आम्हाला माहीत.

गणपतीत खाली आरतीचा एखादा शब्द चुकला की दुसऱ्या मजल्यावरून दुरुस्ती यायची.

“नाना, तुम्ही तर मानत नाही ना?” मी विचारलं.

“मानत नाही म्हणून काय अशुद्ध ऐकू?”

शेवटी मंडळाने त्यांना खालीच बोलावलं. “मंडपात पाय ठेवणार नाही. खुर्ची बाहेर टाका,” म्हणाले. टाकली. दहा दिवस त्यांनी तिथून आरती तपासली.

हेच नाना पूर्वी सोवळं नेसून तासभर पूजा करत. मग धाकट्या भावाला कावीळ झाली. नानांनी त्याला डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही. आपल्या महाराजांचा अंगारा आठ दिवस लावायला लावला. नवव्या दिवशी हॉस्पिटल गाठलं, तेव्हा उशीर झाला होता. तेरावं झाल्यावर नानांनी देवघर रिकामं केलं आणि रेल्वे वर्कशॉपमधल्या नोकरीतले पाने आणि पकडी त्यात ठेवल्या. “आता उघडलं की काहीतरी हाताला लागतं,” म्हणाले.

भावाची बायको हंसाबेन, गुजराती, समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायची. रोज सकाळी दार उघडून थोरल्या दिराला म्हणायची, “जय श्रीकृष्ण, मोटाभाई.” अख्ख्या बडोद्यावर ओरडणारे नाना तेवढ्यापुरती मान खाली घालून आत जायचे. सहा वर्षांत तिला एक उत्तर नाही.

एकदा मी डिवचलं, “नाना, जो नाहीच त्याच्यावर एवढा राग कसा?”

ते समोरच्या बंद दाराकडे बघत म्हणाले, “मग कोणावर काढू? देवानंतर माझाच नंबर आहे.” आणि मला चहा न देताच घालवलं.

गेल्या वर्षी हंसाबेन कायमची सुरतला लेकीकडे निघाली. निरोपाला सगळी सोसायटी खाली, नाना सोडून. आमची कुजबुज सुरूच होती. रिक्षा सुरू झाली, तेव्हा नाना बनियनवरच धावत उतरले.

“हंसा, मी त्याला डॉक्टरकडे जाऊ द्यायला हवं होतं.”

एवढंच. तेही आम्हा सगळ्या चहाडखोरांसमोर.

हंसाबेनने रिक्षा थांबवायला लावली. मग म्हणाली, “मने खबर छे, मोटाभाई. माहीत आहे मला. पण अंगारा माझ्या हाताने लावला ना. सगळा राग तुम्ही एकलेच ठेवून घेतला. थोडा मला पण द्या.”

मग ती रिक्षातून उतरली. “दुपारच्या गाडीने जाईन. आता चहा टाका.”

नानांनी तिची पिशवी उचलली. जिना चढताना ते तिला विचारत होते, “अजून बिनसाखरेचाच घेतेस ना?”