ताणलेलं रबर

सरांच्या बोटांत सतत रबर असायचं; उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला लावायचं, बहुधा माझ्याच खणातलं. ते ताणत म्हणायचे, "बाई, ताण साठतोय."

तुमच्याही शाळेत असे एखादे विज्ञानाचे सर असतील, खुर्चीत न टिकणारे. आमचे राहात्याजवळच्या शाळेत होते आणि मी तिथली पर्यवेक्षिका. ध्रुवाजवळच्या आकाशात रंगीत प्रकाश का नाचतो, हे त्यांनी मला रबर घेऊनच समजावलं. सूर्याकडून येणारा कणांचा वारा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं ओढतो. शेपटी ताणत जाते, मधेच तुटते आणि पृथ्वीकडचा तुकडा झटक्यानं मागे येतो. "त्या झटक्यानं कण ध्रुवांकडे फेकले जातात, हवेवर आदळतात, हवा उजळते. फट्!" रबर माझ्या चहात पडलं.

तो प्रकाश एकदा डोळ्यांनी बघायचा, ही सरांची इच्छा; ध्रुव परवडणारा नव्हता. पण सूर्यावर मोठा स्फोट झाला, तर तसा प्रकाश लडाखमधूनही दिसतो. सरांना दमा; डॉक्टरांनी बजावलं होतं, "उंचीवर जायचं तर यंदाच." म्हणून सरांच्या टेबलावर होकायंत्र. सुई केसभर हलली तरी सूर्याकडून चुंबकीय वादळ आलं, असा त्यांचा हिशेब.

एका दुपारी सुई चांगलीच हलली. सर तास सोडून विमानाची तिकिटं बघायला लागले. शिपाई मामा खिडकीतून म्हणाले, "सर, वादळ न्हाई, उसाची ट्रॉली हाय. लोखंड लई तिच्यात."

आठवडाभर सगळे हसत होते. मीही.

दोन आठवड्यांनी सर धापा टाकत आले. "बाई, स्फोट झालाय. बातमीत आहे. परवा पोचेल. तीन दिवस रजा द्या."

"सर, सराव परीक्षेची यादी लागलीय. सुपरव्हिजनला माणूस कुठून आणू? आणि पुन्हा ट्रॉलीच निघाली तर?"

सरांनी बोटांतलं रबर तेवढं मनगटात चढवलं.

चौथ्या दिवशी सकाळी ते सुपरव्हिजनला दहा मिनिटं आधी हजर. मोबाईल माझ्यापुढे धरला. बातमीतला फोटो: लडाखचे डोंगर, मागे लाल आकाश. "बघा बाई, सुटला ताण." आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

निवृत्तीनंतर वर्षभरात सर गेले. होकायंत्र वहिनींनी मला आणून दिलं. रस्त्यावरून ट्रॉली गेली की सुई थरथरते. ट्रॉलीच आहे, हे माहीत असूनही मी उठून खिडकीशी जाते.

हल्ली सुपरव्हिजनच्या प्रत्येक यादीत एक राखीव नाव मी आधीच लिहून ठेवते. माझं.