गोरखचिंचेला न सांगता

म्हैसूरला निघालो त्या सकाळी वडिलांनी मला वेशीवरच्या गोरखचिंचेपाशी उभे केले. आमच्या गावची समजूत अशी, की गोरखनाथांनी झोळीतून आणलेले हे झाड गावातल्या प्रत्येकाची आठवण ठेवते. कायमचे जाणाऱ्याने त्याच्या ढोलीत तोंड घालून नव्या गावाचे नाव सांगायचे. मग झाड त्याला मोकळे करते. मी नुसता पुटपुटलो, तेव्हा वडील म्हणाले, “मोठ्यानं सांग. म्हातारं आहे ते, ऐकू येत नाही.” मागे उभे असलेले मित्र हसले. मी ओरडून ‘म्हैसूर’ म्हणालो.

आमच्या गावातले जे तिथेच राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या दोघांनाही सांगावेसे वाटते, की मी खरोखरच मोकळा झालो. म्हैसूरच्याच हेब्बाळ भागात कारखान्यात नोकरी, जवळच हिनकलला घर, भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस. गोरखचिंचेला फुले आल्याचे कुणी फोनवर सांगितले, तर कन्नडमधले ‘हौदा?’, म्हणजे ‘हो का?’, एवढेच म्हणून मी विषय बदलत असे.

वडील गेल्यावर, मागल्या वर्षी, आईला इकडे आणले. गाडी वेशीवर आली तेव्हा मी विचारले, “थांबायचं?”

“नको, चल.”

मला हायसे वाटले. तिचे मन तयार झाले, असे मी समजलो. सोयीचे तेवढेच समजण्याची मला सवय आहे.

गेल्या आठवड्यात जेवताना माझ्या मुलीने तिच्या कन्नडमिश्रित मराठीत विचारले, “मत्ते... मग आजी, निघताना तू झाडाला काय सांगितलंस?”

“काही नाही,” आई भात कालवत म्हणाली. “सांगितलं असतं तर त्यानं मला सोडलं असतं ना.”

“म्हणजे तू परत जाणार?”

“तुझ्या बाबाला विचार. चार दिवस चल, म्हणून घेऊन आलाय.”

मी ताटावरून उठलो. गावातले घर भाड्याने द्यायला मी त्याच सकाळी चुलतभावाला होकार कळवला होता. हात धुतले आणि त्याला फोन लावला.

“अरे दादा, तो माणूस सामान बांधून बसलाय. काय सांगू त्याला?”

“सांग, मालकीण घरी यायची आहे.”

“काकू येतेय? मग आधी अंगण सारवून घेतो.”

इतकी वर्षे मी त्या घराला माझे घर म्हणत आलो. पुढच्या महिन्यात आईला पोहोचवायला जाईन, आणि ती ठेवून घेईल तितके दिवस तिच्याकडे राहीन.