डबल सिस्टर

आमच्या वहिनीला दवाखान्यात सगळे ‘डबल सिस्टर’ म्हणत. एक गोळी लिहिलेली असली की ही दोन देणार. दवाखान्यात येणाऱ्या औषधात जीव नसतो, हे तिला रोग्यांकडे बघून कळलेलं. गोळी घेऊनही ताप ढिम्म हलत नसे. डॉक्टरही काणाडोळा करत. त्यांचाही नाइलाज होता. वहिनी म्हणायची, “दुधात पाणी घालणारा गवळी परवडला, हे मेले औषधवाले पाण्यात दूध घालतात.”

दादा, म्हणजे तिचा नवरा, शिंपी. पायाने चालवायच्या मशीनवर त्याचा जन्म गेला. साखरेचा आजार जुनाच. त्यात टाचेला जखम झाली आणि ती भरेना. “साखर उतरली नाही तर पाय जाईल,” डॉक्टरांनी बजावलं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातलं इन्सुलिन टोचूनही साखर जागची हलेना. वहिनीने सवयीप्रमाणे डोस वाढवत वाढवत दुप्पट केला, तेव्हा कुठे जखम सुकायला लागली. मी चिडवायचो, “वहिनी, प्रेमही दुप्पटच देता वाटतं!” लाजणं राहिलं बाजूला, ती माझ्यावरच डाफरायची.

मग त्याच दुकानातून नवी बाटली आली. तोच रंग, तेच बूच, तेच लेबल, आणि वहिनीचा तोच दुप्पट डोस. दुपारी कॉलर शिवता शिवता दादा घामाने निथळला, काहीबाही बरळला आणि मशीनवरच कोसळला. औषध अस्सल निघालं होतं. अस्सल! ज्याचा आनंद व्हायचा, त्यानेच माझ्या भावाला मरणाच्या दारात नेलं. वहिनीने त्याच्या गालाच्या आत साखर चोळली. तेव्हा तो शुद्धीवर आला.

संध्याकाळी ती बाटली उजेडात धरून बसली. “भावजी, सांगा ना, किती भरू? आणि ही संपल्यावर पुढची कशी निघेल?”

मी तणतणत दुकानदाराकडे गेलो. “माल वरून येतो. मी काय चाखून बघू?” तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं, म्हणून जास्तच संताप आला.

वहिनीने धसकाच घेतला. लिहून दिलेल्या डोसच्या वर थेंबभर द्यायलाही तिचा हात धजेना. पुढच्या बाटलीत पुन्हा नुसतं पाणी. साखर चढली, जखम चिघळली. “अगं, दे की थोडं जास्त,” दादा म्हणायचा. ती लिहिलेला डोसच भरायची. दादा पुन्हा मशीनवर कोसळलेला तिला दिसत असणार.

शेवटी पाय कापायची वेळ आली. मोठ्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर कागद पुढे करत म्हणाले, “सिस्टर, तुम्ही तर याच कामातल्या. साखर एवढी वाढलेली दिसत होती, मग डोस का नाही वाढवलात?”

मी ताडकन उठलो. वहिनीने बाही धरून मला खाली बसवलं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली, आणि सहीसाठी पेन मागितलं.