नातवाची आंघोळ

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेक पुण्याहून निपाणीला आली आणि नातवाची आंघोळ माझ्या वाट्याला आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आक्का, दुधापेक्षा साय गोड असती बघा. लई हौस करून घ्या." हौस होतीच. शाळेतून मोठी रजा काढली होती.

माझी पाळी तेव्हा जायच्या वाटेवर होती. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी आली की थांबायचं नाव नाही. अंगातून वाफा निघायच्या, झोप उडालेली. डाळ करपली तरी रडू यायचं, आणि कुणी 'का रडतेस' विचारलं की संताप. बहीण फोनवर म्हणाली, "बरं झालं, सुटलीस कटकटीतून." कशातून सुटले, ते तिलाच ठाऊक.

त्या सकाळी मी पाय लांब करून पाटावर बसले होते. बाळ तेलाने निसरडं झालेलं, घसा फोडून रडत होतं. छातीतून उष्णतेचा लोट निघाला, कानांपर्यंत चढला आणि मनात आलं, आदळावं याला. स्पष्ट शब्दांत आलं. मी काही केलं नाही. लेकीला हाक मारली, बाळ तिच्याकडे दिलं आणि म्हटलं, "पाठ धरलीया गं माझी."

पाठ ठणठणीत होती. दुसऱ्या दिवसापासून आंघोळीला काकू येऊ लागल्या. बाळाजवळ एकटीने थांबायला मी घाबरू लागले. लेक म्हणायची, "आई, जरा बघ गं, मी जेवून घेते," की मला नेमकं परसातलं काम आठवायचं. विळी मी वरच्या फळीवर ठेवून दिली. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळलेली बाई, आणि स्वतःच्याच हातांना भ्यायची! सांगणार कुणाला? लेक पहिल्या गाडीने सासरी गेली असती, आणि तिचं तरी काय चुकलं असतं?

मग बाळाला लस टोचायला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. लस झाल्यावर डॉक्टरबाईंनी लेकीला विचारलं, "झोप लागते? उगीच रडू येतं? बाळाला काही करावं असं मनात येतं?" मराठी कन्नड वळणाचं, पण प्रश्न स्वच्छ. लेक प्रत्येक वेळी नाही म्हणत होती. बाळ माझ्या मांडीवर होतं.

"व्हय," मी म्हणाले. "माझ्या मनात येतं."

लेकीने वळून पाहिलं आणि बाळ उचलून घेतलं. संपलं सगळं, मला वाटलं.

डॉक्टरबाईंनी माझी पाळी, झोप, सगळं शांतपणे विचारलं. या वयात मन असं सैरभैर होतं, म्हणाल्या. नको ते विचार येतात, आणि तुम्ही त्यांना एवढ्या भिताय म्हणजे तसं करायची तुमची इच्छा नाही. पण एकटीने सोसू नका. वरच्या मजल्यावर समुपदेशक बाई होत्या, त्यांच्याकडे आजच जायला सांगितलं. गेले. तासभर बोलले, रडले, पुढच्या आठवड्याची वेळ घेतली. पण जीव सगळा बाहेर बाकावर बसलेल्या लेकीपाशी होता.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत बाळ तिच्याच कुशीत होतं. मग तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. माझे हात वरच राहिले.

"धर की गं," ती म्हणाली. "मी हाय हितंच."

मी धरलं. हात थरथरत होते. तिने ते पाहिलं, आणि तरीही बाळ परत घेतलं नाही.